तुम्ही विचारलंत म्हणून: त्याच त्या पार्कात परत परत काय जाता?

गणपतीत मंडळाच्या जेवणाच्या रांगेत, कुणाच्या पॉटलकला, भारतातून मावशीचा फोन आला की फोनवर, प्रश्न ठरलेला. "अगं परवाच गेला होतात ना, परत तेच? अमेरिकेत यलोस्टोन आहे, ग्रँड कॅन्यन आहे, ते सोडून तंबू घेऊन तिथेच काय जाता?" आता रांगेत सविस्तर सांगायला वेळ कुठे, मागचा माणूस श्रीखंडावर डोळा ठेवून उभा असतो. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

"तेच" म्हणजे टेक्सासमधलं ब्राझोस बेंड स्टेट पार्क, राज्य सरकारचं उद्यान. ह्यूस्टनच्या नैऋत्येला, नीडव्हिलजवळ, शुगरलँडहून निघालं की पाऊण एक तास. पाचेक हजार एकर, 1984 पासून लोकांसाठी खुलं. डोंगर शून्य, धबधबा शून्य. तळी आहेत, दलदल आहे, ओकची अवाढव्य झाडं आणि त्यांवरून लोंबणारं स्पॅनिश मॉस, आणि मगरी. भरपूर मगरी. पाहुण्यांना फोटो दाखवले की ते मगरीच्या फोटोवर थांबतात आणि विचारतात की इथे झोपता? हो, इथेच, म्हणजे तळ्यापासून लांब, पण याच पार्कात.

टेक्सासमध्ये नवीन आलो तेव्हा मला सगळ्यात जास्त काय टोचलं असेल तर कुंपण. आपल्याकडे कसं, रविवारी पहाटेची एसटी पकडायची, पायथ्याच्या गावात कुणालातरी "गडावर वाट कुठून जाते हो" विचारायचं आणि सुटायचं. तो गड कुणाचा, ते रान कुणाचं, मनातसुद्धा येत नाही. इथे राज्यातली साधारण 95 टक्के जमीन खासगी आहे. हायवेवरून मैलोन् मैल हिरवंगार दिसतं आणि सगळ्याला तार मारलेली. आत पाय टाकला तर मालक येऊन विचारणार, आणि टेक्सासमधला मालक हातात काय घेऊन विचारतो ते सांगायला नको. मोठं नॅशनल पार्क म्हणाल तर बिग बेंड, ते याच राज्यात असून ह्यूस्टनहून गाडीने नऊ-दहा तास. म्हणजे शनिवारी सकाळी मनात आलं आणि झाडाखाली जाऊन बसलं, यासाठी उरतं स्टेट पार्क. वर्षाचा पास 70 डॉलर, त्यात गाडीतल्या सगळ्यांची एंट्री, नाहीतर ब्राझोस बेंडला मोठ्या माणसाला 7 डॉलर आणि बारा वर्षांपर्यंतची पोरं फुकट. पुण्यात वेताळ टेकडीवर रोज जाणाऱ्याला कुणी विचारतं का, की काल तर गेला होतात, आज परत तीच टेकडी कशाला? बस, आमची ती टेकडी, फक्त सपाट आहे.

आणि पक्षी बघायचे तर परत परतच जावं लागतं, त्याला इलाज नाही. तळं तेच असतं, पाहुणे बदलतात. थंडीत बदकं उतरलेली असतात, व्हर्मिलियन फ्लायकॅचर नावाचा लालभडक चिमुकला तारेवर बसलेला सापडतो, आणि नशिबात असेल तर गवतात अमेरिकन बिटर्न, जो चोच आभाळाकडे करून असा उभा राहतो की आपण त्याच्याकडेच बघत असतो आणि आपल्याला फक्त गवत दिसतं. एप्रिलमध्ये मेक्सिकोकडून वॉर्बलर येतात, पाच-सहा इंचांचे जीव, त्यातले बरेचसे समुद्र एका दमात ओलांडून आलेले. मग उन्हाळा सुरू होतो आणि माणसं पळ काढतात, पण पार्कातल्या एल्म लेकवर कमळाची पानं पसरली की पर्पल गॅलिन्यूल बघायला याच दिवसांत यावं लागतं.

हिच्यावर मी जरा जास्त बोलणार, सहन करा. आपल्याकडची जांभळी पाणकोंबडी पाहिली असेल तर तिच्या नात्यातलीच, पण आकाराने लहान आणि रंगाने भडक. अंग जांभळं-निळं, पाठ हिरवट, चोच लाल आणि टोकाला पिवळी, कपाळावर फिक्कट निळा टिळा, आणि पिवळेधमक पाय, त्यांची बोटं इतकी लांब की पानावरून चालताना पान बुडत नाही. चालता चालता ही पानाची कड चोचीने उचलते, खालचे किडे टिपते आणि पुढच्या पानावर जाते. एक पान, दुसरं पान, तिसरं. काठावर उभं राहिलं की सकाळ कुठे गेली कळत नाही. माझ्या सासूबाई, ज्यांना "जंगलात काय बघायचं असतं" असा प्रश्न पडतो, त्या हिच्यासमोर हलायला तयार नव्हत्या, वर मलाच म्हणाल्या की दुर्बीण इकडे दे आणि तू जरा गप्प बस.

अशी ओळखीची मंडळी खूप सापडतात. ॲनहिंगा दिसला की आपला तिरंदाज पक्षी आठवतो, तसाच पंख पसरून वाळवत बसलेला. शिट्टी मारत जाणारी बदकं म्हणजे अडईची चुलत बहीण. चमचा पक्षी इथे गुलाबी असतो, चक्क गुलाबी, पहिल्यांदा बघणारा माणूस फ्लेमिंगो म्हणून ओरडतोच.

तंबू कशाला, दिवसाचं जाऊन येता येतं की, हाही एक उपप्रश्न. येतं ना. पण पार्काचा खरा कार्यक्रम गेट उघडायच्या आधीचा आणि बंद झाल्यानंतरचा असतो, आणि तो मुक्कामी राहणाऱ्यालाच मिळतो. रात्री बार्ड आउल नावाचं घुबड घुमतं. वसंतात पहाटे नर मगरी डरकाळ्या फोडतात. तो प्रकार जवळून बघण्यासारखा आहे, म्हणजे सुरक्षित जवळून, तीस फूट अंतर ठेवा असा पार्काचा नियमच आहे. मगर श्वास भरून घेते, डोकं आणि शेपटी पाण्याबाहेर उचलते, आणि आवाज यायच्या आधीच तिच्या पाठीवरचं पाणी थुईथुई उडायला लागतं, कारण आपल्या कानाला न ऐकू येणारा खर्ज आधी सुरू झालेला असतो. मग डरकाळी. मग दुसऱ्या तळ्यावरून उत्तर.

बाकी सोय चांगली असते. साइटवर पाण्याचा नळ, वीज, टेबल, चुलीची जागा. तंबू नको असेल तर जाळी लावलेल्या खोल्या आहेत, त्यांना स्क्रीन्ड शेल्टर म्हणतात, आईवडील आले की आम्ही तीच घेतो. पार्कात पडलेली लाकडं गोळा करायला बंदी, सरपण विकतच घ्यायचं, आणि बर्न बॅन, म्हणजे जाळ पेटवायला बंदी, असेल तर तेही नाही, म्हणून गॅसची शेगडी न्याच. कांदेपोह्यांचं सामान घरूनच मोजून पिशव्यांत भरायचं. खाणं रात्री गाडीत बंद, नाहीतर रकून येतात, त्यांना कूलरची कडी उघडता येते आणि चकलीही आवडते. ऑगस्टमध्ये तंबूत झोपू नका, त्यात शौर्य काही नाही, नुसता घाम आहे. वीकेंडची साइट पाच महिने आधी बुकिंग उघडलं की पटापट जाते, तेव्हा मला गुरुवारी फोन करून "शनिवारचं काही होईल का" विचारू नका.

आणि हो, दुसरीकडेही जातो. थंडीत रॉकपोर्टजवळच्या गूज आयलंड स्टेट पार्कला, व्हूपिंग क्रेन बघायला. माणसाच्या उंचीचा पांढरा क्रौंच. 1941 मध्ये हे रानात जेमतेम वीस-बावीस उरले होते, आज टेक्सासला येणाऱ्या थव्यात पाचशेच्या वर आहेत, कॅनडाहून चार हजार किलोमीटर उडत येतात आणि तिथे दलदलीत खेकडे आणि शेतात किडे शोधत फिरतात, रस्त्यावरून दिसतात.

आता ही पार्कं कायम राहणारच असं धरून चालू नका. 2023 मध्ये टेक्सास स्टेट पार्कांना शंभर वर्षं झाली, आणि त्याच वर्षी फेअरफील्ड लेक स्टेट पार्क बंद पडलं. जमीन सरकारची नव्हतीच, एका वीज कंपनीची, कराराने वापरायला दिलेली, ती बिल्डरला विकली गेली आणि लोकांना बाहेर काढून गेट लागलं. वर्षानुवर्षं तिथे मासे पकडणारे, पोरांना पोहायला शिकवणारे लोक होते ते. नोव्हेंबरमध्ये नव्या पार्कांसाठी जमिनी विकत घ्यायला एक अब्ज डॉलरचा फंड मतदानाला आला, प्रपोझिशन 14, आणि लोकांनी दणक्यात पास केला. आमच्या घरात नवऱ्याचं आणि माझं मतपत्रिकेवर एरवी कशावरच जमत नाही, यावर जमलं.