झाकणाचा पीळ

धंदा वाढला, जागा पुरेना, म्हणून पॅकिंग आणि गोदाम बाहेर सोपवायचं ठरलं की पहिली बोलणी दरांवर होतात. एका पॅलेटच्या, म्हणजे माल रचायच्या सपाट चौकटीच्या, जागेचं भाडं किती, आलेला माल उतरवून मोजून घ्यायचे किती, एक ऑर्डर रॅकवरून उचलून बांधायचे किती, परत आलेलं पार्सल उघडून तपासायचे किती. मी ज्या कंपनीत आहे ती दुसऱ्यांचा माल साठवते, बांधते आणि कुरिअरच्या ताब्यात देते. नव्या ग्राहकाचा सगळा कारभार त्याच्या जागेतून उचलून आमच्याकडे बसवणं हे माझं काम. दरांची घासाघीस मला मान्य आहे, ती करायलाच हवी. पण जी गोष्ट हातातून हातात जाते आणि कागदावर कधीच येत नाही तिचा दर कोण लावणार, हा प्रश्न माझ्यासमोर एका चाचणीच्या दिवशी उभा राहिला.

ग्राहक म्हणजे तेलं आणि लोशन बनवणारा एक लहान उद्योग. मालकीणबाईंनी घरगुती प्रमाणावर सुरू केलेलं काम, आता ऑर्डरींचा ढीग रोज संध्याकाळपर्यंत उपसून होत नव्हता. भरणीच्या शेडला लागून असलेल्या एका खोलीत चार बायका पॅकिंग करायच्या. सणासुदीला किंवा सवलत जाहीर केली की आजची ऑर्डर परवा निघायची, आणि घाईत एका बाटलीऐवजी दुसरी जायची. मॅडमना आमच्याकडून दोन गोष्टी हव्या होत्या. दुपारी ठरलेल्या वेळेपर्यंत आलेली ऑर्डर त्याच दिवशी बाहेर पडावी, आणि खोक्यात जे जायला हवं तेच जावं.

याची तयारी सरळ होती. प्रत्येक वस्तूला स्वतःचा तेरा अंकी बारकोड, प्रत्येक रॅकच्या कप्प्याला पत्ता, आणि पिकरने, म्हणजे रॅकवरून माल उचलणाऱ्या माणसाने, कप्पा व वस्तू दोन्ही स्कॅन केल्याशिवाय पुढची ओळ उघडणार नाही अशी व्यवस्था. तेलाला मुदत असते, म्हणून जो माल आधी आला तो आधी न पाठवता ज्याची मुदत आधी संपते तो आधी पाठवायचा. अनेकदा दोन्ही एकच असतात, पण नेहमी नाही. नंतर भरलेला घाणा, म्हणजे एका वेळी तयार झालेला माल, आधी पोचला की फरक पडतो.

खोक्यावर मात्र आम्ही बराच वेळ घालवला. तीन बाटल्यांचा त्यांचा संच ३० बाय २० बाय १५ सेंटीमीटरच्या खोक्यात जायचा. बरीच कुरिअर लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करून त्याला ५००० ने भागतात आणि येणारा आकडा किलोत धरतात. खरं वजन आणि हे घनफळाचं वजन, यांपैकी जे जास्त त्यावर पैसे. या खोक्याचं येतं १.८ किलो. आतल्या मालासकट तराजूवर भरतं जेमतेम १.१ किलो. म्हणजे मॅडम प्रत्येक पार्सलमागे हवेचं भाडं भरत होत्या. आम्ही २४ बाय १८ बाय १२ चं खोकं काढलं, मध्ये पुठ्ठ्याचे उभे-आडवे कप्पे. घनफळाचं वजन खऱ्या वजनाच्या खाली आलं. त्यांच्या हिशेबनिसाने तो कागद दोनदा वाचला.

चाचणीच्या दिवशी आम्ही त्यांच्याच खऱ्या ऑर्डरींच्या यादीवरून नमुन्याची पार्सलं बांधली. मग पाडापाडी. लहान पार्सलसाठी सर्वत्र वापरली जाणारी पद्धत अशी: दहा किलोच्या आतलं पार्सल सुमारे ७६ सेंटीमीटरवरून पाडायचं, एकदा एका कोपऱ्यावर, त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडांवर, मग सहाही बाजूंवर. एकूण दहा आपट्या. आमची खोकी पास झाली. एकही बाटली फुटली नाही, कप्पे जागचे हलले नाहीत. माझ्या मांडणीत यापुढे आणखी एक पायरी असते. पाडलेली पार्सलं मी आडवी आणि उलटी करून टिपकागदावर ठेवते. खोक्यावर वर जाणारे दोन बाण छापलेले असतात खरे, पण कुरिअरच्या सरकत्या पट्ट्याला बाण वाचता येत नाहीत आणि ढिगात जसं बसेल तसं पार्सल रात्रभर पडून असतं. ज्याच्यात द्रव आहे त्याला या रात्रीची परीक्षा द्यायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे.

जेवणाच्या सुट्टीनंतर टिपकागदांवर डाग दिसले. लोशनच्या पार्सलांखाली काही नव्हतं. तेलाच्या पार्सलांखाली पिवळट, काठाशी फिकट होत गेलेले गोल. सगळ्याच नव्हे, पण दुर्लक्ष करावं इतके थोडेही नव्हेत.

मॅडम तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे असं होत नाही." आणि ते खरं होतं. त्यांच्या तक्रारींची वही मी आधीच वाचली होती. उशीर, चुकीची बाटली, चेपलेलं खोकं, सगळं होतं. गळती जवळजवळ नव्हतीच.

साहजिकच संशय नव्या खोक्यावर गेला. लहान झालं, दाब बसला, झाकण उचललं गेलं. मग त्यांची जुनी मोठी खोकी आणून त्यातच बाटल्या बांधल्या, पाडल्या, आडव्या ठेवल्या. डाग आलेच. मग संशय बाटल्यांच्या घाण्यावर. पण त्याच घाण्याचा माल त्यांच्या खोलीतून त्याच आठवड्यात बाहेर गेला होता आणि कुणाची तक्रार नव्हती. आमच्या माणसांच्या हाताळणीवर बोट ठेवायलाही जागा नव्हती, कारण ते एसओपीतली, म्हणजे कामाच्या लेखी ठरवलेल्या पद्धतीतली, प्रत्येक ओळ पाळत होते आणि मी शेजारी उभी होते. बाटली घ्या, स्कॅन करा, कागदात गुंडाळा, कप्प्यात उभी ठेवा, वर बिल, झाकपट्ट्या बंद, टेप मधल्या फटीवरून आणि दोन्ही कडांवरून. ही एसओपी त्यांच्याच पद्धतीवरून उतरवलेली होती.

मॅडमबरोबर त्यांच्या पॅकिंगच्या खोलीतल्या सगळ्यात जुन्या बाई आल्या होत्या. सगळे त्यांना मावशी म्हणत. नवी जागा बघायला म्हणून त्यांना आणलं होतं आणि सकाळपासून त्या एका स्टुलावर बसून होत्या. मी त्यांना म्हटलं, "मावशी, तुम्ही तिकडे जसं बांधता तसंच इथे बांधून दाखवाल का? आमचा कागद बघू नका." त्या टेबलाशी आल्या. मी त्यांच्या हातांकडे बघत होते. डाव्या हाताने बाटली क्रेटमधून उचलली, उजवा हात कागदाकडे जाता जाता वाटेत झाकणावर टेकला, मनगट किंचित वळलं, आणि कागद आला. दुसरी बाटली, पुन्हा तेच. क्षणभराचंसुद्धा काम नव्हतं.

"मावशी, आत्ता झाकणाला काय केलंत?"

"कुठं काय केलं?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी पुढची बाटली उचलायला सांगितली आणि मनगट वळलं तसा हात धरला. तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "अगं बाई, हे होय? ते ढिलं लागतं ना, म्हणून." कुणी शिकवलं, कधीपासून, काही सांगता येईना. बाकीच्या तिघी त्यांच्याशेजारी बसून शिकल्या होत्या, म्हणजे त्याही करत असणार. मॅडमनाही हे ठाऊक नव्हतं. मावशींनी बांधलेली पार्सलं पाडली, आडवी ठेवली. संध्याकाळपर्यंत त्यांचे टिपकागद कोरडे राहिले.

आटे असलेल्या प्लॅस्टिकच्या झाकणाचं वागणं मला त्या दिवशी नीट समजून घ्यावं लागलं. भरणीच्या यंत्रावर झाकण ज्या पिळाने, म्हणजे फिरवण्याच्या जोराने, बसवतात तो पीळ तसाच टिकत नाही. झाकणाचं प्लॅस्टिक आणि आतली मऊ चकती दाबाखाली हळूहळू सैलावतात, मुख्यतः पहिल्या चोवीस तासांत. दुसऱ्या दिवशी तेच झाकण उघडायला लागणारा पीळ बसवतानाच्या पिळाच्या अर्ध्याच्या आसपास भरणं ही नेहमीची गोष्ट आहे. पॅकिंगवाले ढोबळ हिशेब असा करतात की झाकणाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याच्या निम्मा आकडा म्हणजे बसवतानाचा पीळ, इंच-पौंडांत. या झाकणांचा व्यास २४, म्हणजे बारा. शेडमधून पीळ मोजायचं यंत्र मागवून आम्ही बाटल्या लावल्या. बसवताना पीळ मुळातच कमी दिलेला होता, आणि सैलावल्यावर जे उरत होतं ते उभ्या बाटलीला पुरेसं, आडव्या बाटलीला अपुरं.

डाग फक्त तेलाखाली का, याचंही उत्तर मिळालं. लोशन घट्ट असतं, त्या बारीक फटीतून वाहायला त्याला जोर लागतो. तेलाला लागत नाही. त्याचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहून कमी, ते आट्यांवर पसरत, चढत बाहेर येतं. पाणी भरून चाचणी घेतली असती तर बाटली कदाचित पास झाली असती.

मॅडम लगेच म्हणाल्या, "मग तुमच्या माणसांना सांगा, प्रत्येक झाकण आवळा." मी तयार झाले नाही, आणि यावर आमची बरीच बोलाचाली झाली. मावशींच्या मनगटात वर्षांचा अंदाज आहे. आमच्याकडे पाळ्या बदलतात, माणसं बदलतात, कुणाचा हात हलका तर कुणाचा जड. जास्त आवळलं तर आटे घसरतात, चकती चेपते, झाकणाला तडा जातो, आणि ते झाकण कमी आवळलेल्यापेक्षा वाईट गळतं. शिवाय प्रत्येक बाटलीमागे दोन-तीन सेकंद जास्त. ऐकायला क्षुल्लक, पण ऑर्डरी हजारांत गेल्या की ती एका माणसाची पूर्ण पाळी होते आणि बिलात स्वतंत्र ओळ होऊन येते. दोष जिथे निर्माण होतो तिथेच तो बंद व्हायला हवा, हे माझं म्हणणं. शेवटी ठरलं की यंत्राचा पीळ वाढवायचा, भरलेल्या बाटल्या एक दिवस थांबवायच्या, मग पुन्हा एकदा आवळून त्यातल्या काही यंत्रावर मोजायच्या आणि तो कागद मालाबरोबर आमच्याकडे पाठवायचा. कागद नसेल तर आमचा आवक विभाग माल वेगळा ठेवेल, रॅकवर चढवणार नाही. तिकडची घडी बसेपर्यंत आमची दोन ठरावीक माणसं मावशींकडून शिकून हाताने आवळतील आणि त्याचे पैसे उघडपणे लावले जातील.

त्याच संध्याकाळी मी मॅडमना विनंती केली की मावशी काही दिवस आमच्याकडे येऊ देत. मी शेजारी वही घेऊन बसले. काय निघालं! दोन तेलांच्या बाटल्या हुबेहूब सारख्या, फक्त लेबलाच्या कडेचा रंग वेगळा. मावशी त्या कधीच शेजारी ठेवत नसत, म्हणून आम्ही त्यांचे कप्पे दोन वेगळ्या रांगांत नेले. बंद केलेलं प्रत्येक खोकं त्या कानाशी नेऊन हलवत आणि आवाज आला तर पुन्हा उघडत. बिल त्या नेहमी झाकपट्टीच्या आत वरच्या बाजूला ठेवत, खाली नाही, कारण खाली ठेवलेलं बिल एकदा भिजलं होतं. पावसाळ्यात पुठ्ठ्याचा गठ्ठा जमिनीला लागू देत नसत. हे आमच्या लोकांनाही माहीत असतं: दमट हवेत पुठ्ठा मऊ पडतो आणि रचलेल्या थराचं ओझं पेलत नाही. पण मावशींनी ते कुठल्या तक्त्यावरून घेतलेलं नव्हतं. खालचं खोकं बसलेलं त्यांनी पाहिलं होतं.

यातलं सगळंच आम्ही उचललं नाही. कानाशी खोकं हलवणं आमच्या वेगाला परवडणारं नव्हतं, त्याऐवजी बांधलेल्या पार्सलाचं वजन पट्ट्यावर आपोआप तपासलं जातं आणि अपेक्षेपेक्षा कमी-जास्त आलं की ते बाजूला पडतं. एखादी बाटली राहिली किंवा जादा गेली तर तराजू सांगतो. आत काही सैल हलतंय हे मात्र त्याला कळत नाही. त्यासाठी आम्ही कप्पे घट्ट बसणारे करून घेतले.

करारात आणखी एक कलम आलं, आणि त्यावर मॅडम अडून बसल्या तेव्हा मला बरं वाटलं. गळती झाली तर भरपाई कुणाची? ग्राहकाला खोक्यावर त्यांचं नाव दिसतं, आमचं नाही. राग त्यांच्यावर निघतो. म्हणून ठरलं की परत आलेली प्रत्येक गळकी बाटली टाकून न देता झाकणासकट ठेवायची आणि पीळ मोजायचा. झाकण सैल असेल तर भरणीकडे, झाकण ठीक असून काच फुटली असेल तर आमच्याकडे, खोकंच चिरडलं असेल तर कुरिअरकडे दावा. तिघांनाही हे पटलं, कारण मोजलेला आकडा कुणाच्या बाजूने बोलत नाही.

सुरुवातीची ठरलेली तारीख आम्ही पुढे ढकलली. आधी साबण आणि लोशन आमच्याकडे आलं, तेलं त्यांच्याच खोलीतून निघत राहिली. शेडमधून पिळाचे कागद ओळीने बरोबर यायला लागले तेव्हा तेलाची पहिली गाडी आमच्या धक्क्याला लागली. तिच्याबरोबर मावशीही आल्या, त्या आता शेडमध्ये पीळ मोजायच्या टेबलावर असतात.