गणित मंडळाचा मेळावा आणि रँग्लर परांजपे

आमच्या शाळेच्या गणित मंडळाचा वार्षिक मेळावा १६ फेब्रुवारीला, म्हणजे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या जयंतीला भरत असे. स्नेहसंमेलनाचा थाट त्याला नव्हता. सतरंज्या अंथरलेला चित्रकलेचा वर्ग, टेबलावर परांजप्यांची तसबीर आणि फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलेला एक कूटप्रश्न, एवढीच काय ती सजावट. परांजपे उघड उघड बुद्धिवादी, तेव्हा त्यांच्या नावाने हार-नारळ आणि दीपप्रज्वलन नको, असा मंडळाचे काम पाहणाऱ्या सरांचा कटाक्ष होता. मुख्याध्यापक मात्र तसबिरीपाशी हळूच एक गुलाबाचे फूल ठेवीत आणि सर ते पाहून न पाहिल्यासारखे करीत.

भाषणांचा विषय ठरलेलाच असे. दापोलीजवळच्या मुर्डी गावात १८७६ साली जन्मलेला मुलगा शिष्यवृत्तीवर केंब्रिजला जातो आणि १८९९ साली गणिताच्या ट्रायपॉस या पदवी परीक्षेत ‘सीनियर रँग्लर’ होतो, म्हणजे पहिला येतो, हा मान मिळवणारा पहिला भारतीय ठरतो, ही कथा आम्हांला इतकी पाठ होती की वक्ता ‘केंब्रिज’ म्हणताच मागच्या रांगेतल्या टाळ्या सुरू होत.

एका वर्षी पाहुणे म्हणून आलेल्या निवृत्त प्राध्यापकांनी मात्र ही वाट सोडली. “रँग्लर झाल्यावर पुढे त्यांनी काय केले?” असे त्यांनी विचारले आणि वर्ग चिडीचूप झाला, अखेर कोणीतरी “आणखी गणित!” म्हणाले, तेव्हा पाहुण्यांसह सगळे हसले. मग त्यांनी सांगितले ते आजही लख्ख आठवते. इंग्लंडात सहज स्थिरावता आले असते, तरी डेक्कन एज्युकेशन सोसायटीला दिलेल्या शब्दाप्रमाणे परांजपे मासिक ७५ रुपयांवर आजीव सदस्य म्हणून पुण्याला परतले, १९०२ साली फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, पुढे मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री आणि १९३२ ते १९३८ या काळात लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅरिस्टर जयकर यांच्यानंतर १९५६ साली ते पद परांजप्यांकडे आले, तेव्हा त्यांनी ऐंशी वर्षे पूर्ण केली होती. गणेशखिंडीतल्या गव्हर्नरांच्या जुन्या वास्तूत बसून नव्या विद्यापीठाचा गाडा हाकणे हे एका परीक्षेत पहिले येण्याहून किती वेगळे, हे पाहुणे रंगून सांगत होते. या कामाला क्रमांक नसतो, म्हणून त्याच्या गोष्टीही होत नाहीत, अशी कोपरखळी त्यांनी आम्हां आयोजकांना मारली. ती योग्यच होती, असे मला वाटते.

कंपासपेट्यांचे बक्षीस-वाटप त्या दिवशी बरेच लांबले. पुढच्या वर्षापासून प्रश्नमंजूषेत लखनौचा प्रश्न हमखास येऊ लागला, आणि हुशार मुलांचे गुण नेमके तिथेच जात.