आमची वाटचाल : शतावरी, मुळासकट

रोपवाटिकेची पहिली वर्षं सांगण्यासारखी नाहीत. रोपं खपत होती, एवढंच. सांगायचं ते पुढचं. आमच्याच रस्त्यावर एकाने शोभेचा, लोंबत्या फांद्यांचा अस्पॅरॅगस ‘शतावरी’ म्हणून निम्म्या भावात विकायला काढला. कुंडीत लगेच भरगच्च दिसतो, लोक भाळले. खरी शतावरी पहिल्या वर्षी किरकोळ दिसते, वर काटे. आमच्या पिशव्या पडून राहिल्या, मजुरी उसनवारीवर भागली.

तेव्हा तगलो ते एका वैद्यबाईंमुळे. रोपं घेताना त्या पाल्याकडे बघायच्याच नाहीत. वर्षाच्या रोपाची पिशवी फाडायला लावायच्या आणि मुळं चाचपायच्या. खरीला दोन्ही टोकांना निमुळत्या, लांबट मुळांचा झुबका असतो. त्या लोंबत्या जातीला आखूड गोल गाठी. रोपं घ्यायची तर तुम्हीही तेवढं बघून घ्या, आमच्याकडून नाही घेतलीत तरी चालेल.

बी पिकल्या फळाचं, चोळून धुतलेलं, एक दिवस पाण्यात भिजवून जूनमध्ये पेरायचं. उगवण रेंगाळते आणि बरंच बी दगा देतं, म्हणून हिशोबाच्या दुप्पट टाका. गड्डा फोडून लावायचा तर प्रत्येक तुकड्याला दोन तरी डोळे हवेत. लागवड गादीवाफ्यावर, दोन-दोन फुटांवर, वेलाला बांबूचा आधार. चिकण मातीत पाणी साचलं की मुळं आधी कुजतात. शेंडे पिवळे दिसेपर्यंत काम झालेलं असतं.

काढणी दोन पावसाळ्यांनंतर, हिवाळ्यात. त्यासाठी आमची जुनी पहारच बरी: बुंध्यापासून हातभर लांब रोवायची आणि माती उचलायची. कुदळीने मुळं तुटतात, तुटलेली काळी पडतात. मुळं धुऊन उकळत्या पाण्यात थोडा वेळ ठेवली की साल अंगठ्याने निघते. मग उभी चीर देऊन मधला दोरा ओढून काढायचा. तो राहिला तर चूर्णात चोथा येतो आणि चक्कीवाला दुसऱ्यांदा घेत नाही. दहा किलो ओल्या मुळांचा सुका माल जेमतेम किलो-दीड किलो भरतो. व्यापारी ‘किलोला अमुक’ म्हणाला, तर ओल्याला की सुक्याला, हे आधी लिहून घ्या.

त्या रस्त्यावरच्या दुकानावर आता ‘अस्सल शतावरी’ अशी पाटी आहे. माल कुठून जातो, ते आमच्या पावतीपुस्तकात आहे.