लिफ्टपाशी बोललेलं एक वाक्य

आमच्या कामात बोलणं कमीच. गालाच्या आतून स्वॅब घ्यायचा, पासपोर्टवरचा फोटो आणि समोरचा चेहरा ताडून बघायचा, पाकीट सील करायचं, त्यावर सह्या. मग यंत्र आपलं काम करतं आणि शेवटी मी दोन पानांचा अहवाल लिहिते. इंग्लंडमध्ये अकरा वर्षं नातेसंबंधांच्या डीएनए चाचण्या करतेय. लोकांना वाटतं, आम्ही दिवसभर 'बाप कोण' एवढंच ठरवत बसतो. पण आमच्याकडे बरीचशी माणसं व्हिसा नाहीतर आसऱ्याच्या कागदांसाठी येतात. या धंद्याची सुरुवातच तशी आहे. ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये लेस्टरला डीएनए फिंगरप्रिंटिंग शोधलं आणि पुढच्याच वर्षी ते पहिल्यांदा वापरलं गेलं, ते खुनाच्या तपासात नव्हे, तर घानाहून परतलेला एक मुलगा खरंच आपल्या आईचाच आहे हे दाखवायला. नवीन मुलं कामाला लागली की मी त्यांना हे हटकून सांगते.

गेल्या हिवाळ्यात एक सोमाली आजोबा आले. सत्तरीचे, दाढीला मेंदी, हातात काठी. बरोबर सोळा वर्षांचा मुलगा, एकट्यानेच इंग्लंड गाठलेला. हा माझ्या मारल्या गेलेल्या भावाचा मुलगा, असं आजोबांचं म्हणणं. नातं खरं असेल तरच काउन्सिल, म्हणजे तिथली नगरपालिका, मुलाला त्यांच्या घरी ठेवणार होती. एजन्सीचा दुभाषा नेहमीप्रमाणे आलाच नाही, म्हणून आजोबांबरोबर आलेला पन्नाशीचा एक नातलग दुभाष्याचं काम करू लागला. नातलगाला दुभाषा करू नये हा नियम मला पाठ आहे. पण तीन आठवड्यांनी मिळालेली तारीख होती, मुलगा थंडीत कुडकुडत आला होता, मी चालवून घेतलं.

फॉर्म भरून होईपर्यंत आजोबांनी मुलाला काहीतरी फर्मावलं आणि तो मान खाली घालून नावं म्हणू लागला. स्वतःचं, बापाचं, आज्याचं, पणज्याचं… आजोबा बोटांच्या पेरांवर मोजत होते. मीही मोजली. तेवीस. मध्ये एकदाही अडखळला नाही. याला अब्तिर्सी म्हणतात, पूर्वजांची मोजणी. सोमाली पोराला ती शाळेत जायच्या आधी येते. दोन अनोळखी माणसं भेटली की आपापली नावं म्हणत मागे जातात आणि जिथे एक नाव जुळतं तिथून त्यांचं नातं ठरतं. हे नुसतं पाठांतर नाही. खून झाला तर रक्तमूल्य कोणी भरायचं (परंपरेने पुरुषाच्या जिवाला शंभर उंट), पाणवठा कोणाचा, हे त्याच यादीवर ठरतं. २००० साली जिबूतीत आर्ता इथे परिषद झाली, त्यानंतर संसदेतल्या जागाही याच हिशोबाने वाटल्या जाऊ लागल्या: चार मोठ्या कुळांना प्रत्येकी एक सारखा वाटा आणि बाकी सगळ्यांना मिळून अर्धा वाटा.

मग आजोबांनी काहीतरी विचारत माझ्याकडे बोट केलं. नातलग हसत म्हणाला, "ते विचारतायत, तुमची किती?" मी चार म्हणाले आणि थांबले. श्राद्धाला तीन लागतात, तेवढी येतात, वर एक. आमच्या सांगलीकडे हेळवी यायचा बैलावर बसून, वह्या घेऊन. त्याच्याकडे बाकीची असायची. जोंधळे जास्त घातले की वंशावळ लांबते, असं आमचे आजोबा म्हणायचे. हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

निकाल नऊ दिवसांनी आला. काका-पुतण्याची चाचणी तशीही अवघड. मार्कर म्हणजे डीएनएवरची ठरावीक जागा, तिथे एक तुकडा किती वेळा आलाय तो आकडा आम्ही बघतो. बाप-लेकाचं प्रत्येक मार्करवर जुळायलाच लागतं, काका-पुतण्यात सरासरी चतुर्थांशच वाटा समाईक असतो. म्हणून वाय गुणसूत्र बघतो. ते बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं, म्हणून सख्ख्या काका-पुतण्याचं सारखंच निघायला हवं. सोमाली नमुन्यांत मला धास्ती असते ती वाय जुळण्याची. २००५ मध्ये २०१ सोमाली पुरुषांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७७.६ टक्के पुरुषांचा वाय एकाच गटातला, त्यावेळी ई-३-बी-१ म्हणायचे, आणि खूण ठरलेली: डीवायएस-१९ या मार्करला आकडा ११, डीवायएस-३९२ ला १२. म्हणजे काहीही नातं नसलेले दोन सोमाली पुरुष आम्ही तपासतो त्या वायवरच्या सतराच्या सतरा मार्करवर जुळू शकतात. त्यात हिशोब अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या आकडेवारीवर केला की तोच नमुना दुर्मीळ दिसतो आणि अहवालात छातीठोकपणे 'भक्कम पुरावा' लिहिलं जातं. माझ्या आधीच्या एका सहकाऱ्याने असे किती अहवाल लिहिले असतील, देव जाणे. सांगितलं की म्हणायचा, सॉफ्टवेअरने दिलंय.

इथे उलटंच झालं. सतरापैकी अकरा मार्कर वेगळे. एक-दोन असते तर पिढ्यांमधला बदल म्हणता आलं असतं. बाकीच्या गुणसूत्रांचा हिशोबही 'नातं नाही' याच्याच बाजूने. स्क्रीनवर एकाखाली एक दोन आलेख ठेवून मी बराच वेळ बघत बसले. मुलाचा अगदी पुस्तकातला, ११ आणि १२. आजोबांचे उंचवटे भलतीकडेच, डीवायएस-३९२ ला १४. त्यांचा वाय आकड्यांवरून टी गटाचा वाटत होता. त्याच अभ्यासात दहा टक्क्यांच्या आसपास पुरुष त्या गटाचे होते, तेव्हा त्याला के-२ म्हणत. म्हणजे तोही सोमालीच, फक्त थोडक्यांचा.

हे अहवालात येत नाही, येऊही नये. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं: काका-पुतणे आहेत का? नाहीत. गटाबिटावर तोंड उघडायचं नाही हा धडा या देशाने एकदा घेतलाय. २००९ मध्ये सीमा खात्याने डीएनए आणि केस-नखांतल्या समस्थानिकांवरून माणूस खरा सोमाली की शेजारच्या देशातला हे ठरवायचा प्रयोग सुरू केला. जेफ्रीज यांच्यासकट शास्त्रज्ञ तुटून पडले आणि २०११ मध्ये तो गुंडाळला गेला. जनुकांना सरहद्द कळत नाही, हे मी स्वतः प्रशिक्षणात शिकवते.

निकाल समजावायला काउन्सिलची बाई आली होती. भली बाई, दोनदा विचारून घेतलं. आजोबा शांत होते. या वेळी दुभाषा फोनवर होता. आजोबा म्हणाले, मला माहीत आहे. मुलाचा पणजा दुष्काळात आमच्याकडे आला, आमचा झाला, आमची नावं म्हणू लागला. अशांना शेगाद म्हणतात. आमच्या लोकांनी त्याचं रक्तमूल्य भरलं, त्याने आमचं भरलं. माझा भाऊ म्हणजे त्याचाच नातू. मग हा माझा पुतण्या नाही तर कोण?

मी काउन्सिलच्या बाईकडे पाहिलं. तिच्या फॉर्मवर दोनच चौकोन होते.

बाहेर लिफ्टपाशी तो नातलग उभा होता. काउन्सिलच्या बाईने त्याला आत घेतलं नव्हतं. त्याने मुलाकडे हनुवटी करून हळूच विचारलं, "म्हणजे हा सोमालीसुद्धा नाही?" मुलाला इंग्रजी कळत होतं. त्याचा चेहरा मी पाहिला आणि बोलून गेले, "उलट याचा वाय बहुतेक सोमाली पुरुषांसारखाच आहे. वेगळा आहे तो अदेरचा."

अदेर म्हणजे काका. आदराने म्हटलं होतं.

तो म्हणाला, "वेगळा म्हणजे?" तेवढ्यात लिफ्ट आली.

दोन महिन्यांनी त्याचा फोन आला. त्याची शाखा आणि आजोबांची शाखा यांच्यात एका जागेवरून वाद होता, कुळाचं नाव मी लिहीत नाही. आजोबांचीच शाखा बाहेरून आलेली, असं आता व्हॉट्सॲपवर फिरत होतं. 'लंडनच्या शास्त्रज्ञ बाईंनी सांगितलं.' मी लंडनमध्ये नाही, पण ते राहू दे. त्याला तेच लेटरहेडवर हवं होतं. एका माणसावरून शाखा ठरत नाही, हे मी त्याला समजावत बसले. दोन्ही शाखांमधले, लांबलांबचे कितीतरी पुरुष तपासावे लागतात. तेवीस पिढ्यांत साखळी कुठेही तुटलेली असू शकते, कदाचित तुमचीच. दारोद आणि इसाक या मोठ्या कुळांचे मूळपुरुष अरबस्तानातून आलेले शेख मानतात, त्यावरही या आकड्यांतून काही सिद्ध होत नाही. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "पण वेगळा आहे, हे तर खरं ना?"

खरं आहे. मी गप्प राहिले आणि त्याने ते हो धरलं असणार.

वरिष्ठांना मी लेखी कळवलं. ते म्हणाले, खोटं तर नाही ना बोललीस, आणि मला गोपनीयतेचं चाळीस मिनिटांचं ऑनलाइन प्रशिक्षण पुन्हा करायला लावलं. शंभरपैकी शंभर गुण मिळाले. आजोबांना पत्र लिहू का, असं विचारलं, तर म्हणाले, आणखी काही लिहू नकोस.

मुलाचं काय झालं ते आम्हाला कळवत नाहीत. परवा नमुने नष्ट करायच्या यादीत त्या दोघांचा क्रमांक आला, मी सही केली. दुपारी डेस्कवरचा फोन वाजला, तोच नंबर. मी उचलला नाही. पुन्हा वाजला.