समोरचा काय म्हणन?

वऱ्हाडातल्या आमच्या शाळेत निबंध म्हणजे दोनच. एक 'मी शेतकरी बोलतोय' आणि दुसरा 'मोबाईल : शाप की वरदान'. दुसऱ्याचा शेवटही ठरलेला, की नाण्याला दोन बाजू असतात. सातवी-आठवी मिळून माझ्याकडे २३ पोरं आहेत. मागच्या वर्षी तपासायला घेतलेल्या २३ वह्यांतून २३ नाणी निघाली. पोरांना काय बोलणार? गाईडात तेच आहे, आणि फळ्यावर उतरवून देणारे आम्हीच.

गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, २० डिसेंबरला, दरवर्षी हाच प्रकार. ज्या माणसानं अख्खं कीर्तन प्रश्नांवर उभं केलं आणि उत्तर समोर बसलेल्यांच्याच तोंडून काढलं, त्याच्यावर आमची पोरं पाठ केलेलं भाषण श्वास न घेता म्हणतात आणि खाली बसतात. मागून टाळ्या.

यंदा म्हटलं, मत मांडणं शिकवायचंच. पावसाळाभर त्यात गेला. फळ्यावर पाच ओळी आखून ठेवल्या होत्या, त्या सत्र संपेपर्यंत पुसू दिल्या नाहीत. मत. काऊन? दाखला. समोरचा काय म्हणन? त्याले जवाब.

'कारण' हा शब्द मी मुद्दाम टाळला. 'कारण लिहा' म्हटलं की पोरं पुस्तकी होतात. 'काऊन?' विचारलं की घरच्यासारखं तोंड उघडतात. तरी सुरुवातीला सगळी कारणं गोल फिरायची. 'मोबाईल वाईट आहे कारण त्याचे दुष्परिणाम होतात.' याला वर्गानंच नाव पाडलं, भवरा. कुणी असं वाचलं की मागून आवाज यायचा, "सर, भवरा जी!" माझ्या लाल पेनापेक्षा त्या एका शब्दानं जास्त काम केलं.

दाखला त्याहून अवघड. 'सर्वांना माहीतच आहे की' हा पोरांचा आवडता दाखला. मी सांगितलं, ज्याला तारीख, आकडा, माणूस किंवा जागा नाही तो दाखला नाही. सगळ्यांत अवघड चौथी ओळ. पोरं समोरच्याला मूर्ख करून टाकतात, 'काही आळशी लोक म्हणतात' असं लिहून मोकळी होतात. मग नियम केला: समोरच्याचं म्हणणं असं लिहायचं, की त्यानं वाचलं तर तो म्हणाला पाहिजे, हो, मी असंच म्हणतो. यासाठी तीन आठवडे नुसतं तोंडी भांडलो. बांध कोरला कुणी, नळाला आधी नंबर कुणाचा. मधल्या सुट्टीनंतर निम्मा तास त्यातच जायचा आणि ऑनलाईन माहिती भरायची राहून जायची. त्याबद्दल वरून काय ऐकलं ते इथं लिहीत नाही.

दिवाळीच्या सुट्ट्या संपून शाळा उघडली तेव्हा कापसाची वेचणी भरात आलेली. पहिल्या आठवड्यात पट २३, हजर ११. हे दरवर्षीचं. मी ओरडत नाही. पोरगा आठ दिवसांनी आला तर 'आलास का, बस' इतकंच. घरची स्थिती माहीत असते. 'सर समजून घेतात' हे माझं गावातलं नाव आहे, आणि मला ते आवडत होतं.

त्या ११ जणांना मी विषय दिला : वेचणीच्या दिवसांत शाळेला पंधरा दिवस सुट्टी असावी का? खरं सांगायचं तर माझं स्वतःचं मत 'असावी' हेच होतं. तशीही पोरं येत नाहीत, मग वेळापत्रकच हंगामाला जुळवून घ्यावं.

पहिला उठला तो दहा एकरवाल्याचा पोरगा. त्याचा दाखला मला पाठ झाला आहे. "यावर्षी राज्यात शाळा १६ जूनला उघडली, विदर्भात २३ जूनला. उन्हासाठी सात दिवस भेटतात तं कापसासाठी काऊन नाही?" पुढे त्यानं लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८११० रुपये क्विंटल लिहिला. मजूर मिळत नाही, फुटलेली बोंडं झाडावर राहतात, दवानं-पावसानं भिजतात, आणि ओलावा १२ टक्क्यांवर गेला की सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, कापूस घेत नाही, हेही. समोरच्याचं म्हणणं जरा पातळ होतं, पण भवरा एकही नाही. दहापैकी आठ दिले. खूश होतो मी.

मग मागच्या बाकावरची ती. आठवीतली, बापाविना, आई दुसऱ्यांच्या शेतात रोजानं जाणारी. ही स्वतःही वेचणी करते, तेव्हा सुट्टीच मागणार, असं मी मनात धरूनच बसलो होतो. वही आज माझ्यासमोर आहे, तिच्याच शब्दांत देतो.

'वेचणीले सुट्टी देऊ नये. काऊन का माह्या मायजवळ एकच कारण हाय. मालक म्हणते, पोरीले घेऊन ये, दोन हात वाढतीन. माय म्हणते, तिची शाळा हाय. सुट्टी झाली तं माय काय म्हणन?

दाखला. मी पंधरा किलो वेचतो. दहा रुपयानं दीडशे. चौथीपर्यंत मले शाळेत आल्याचा रोज एक रुपया भेटे. दीडशे आन् एक, यात शाळा हारते. म्हणून मालकासंग पैशाची गोष्ट करू नये.

समोरचा म्हणन का सर पोरायले समजून घेतात, रागवत नाहीत, मंग सुट्टी दिली काय आन् नाही दिली काय. हे खरं हाय. पण सर रागवत नाहीत म्हणूनच मालकाले मालूम हाय का शाळा बुडवली तं काही होत नाही. माय खोटी पडते. सरानं रागवावं.'

वाचून ती बसली. वर्गात कुणी काही बोललं नाही. दहा एकरवाल्याचा पोरगा वहीच्या कोपऱ्यावर पेन घासत होता. 'त्याले जवाब' ही पाचवी ओळ मी फळ्यावर लिहिलेली, आणि जबाब द्यायची पाळी माझीच.

तो एक रुपया बाहेरच्यांना कळणार नाही म्हणून सांगतो. दारिद्र्यरेषेखालच्या मागास प्रवर्गांतल्या मुलींना पहिली ते चौथी रोज एक रुपया उपस्थिती भत्ता मिळतो. १९९२ पासूनची योजना, रुपया तेव्हापासून रुपयाच. मी स्वतः त्याची यादी वर्षानुवर्षं भरली आहे. तो रुपया दीडशेच्या शेजारी ठेवून पाहावा असं मला कधी सुचलं नव्हतं.

कायदा मला पाठ आहे, प्रशिक्षणात दोनदा ऐकला आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून, सहा ते चौदा वयासाठी. बालमजुरी कायद्यातली २०१६ ची दुरुस्ती सांगते, की चौदाच्या आतल्या मुलानं घरच्या कामात शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत हातभार लावला तर चालतो, दुसऱ्याच्या शेतात मजुरी नाही. तिनं यातलं काहीही लिहिलं नव्हतं, आणि तिला ते लागलंही नाही. गावातल्या मालकापर्यंत कायदा पोहोचत नाही. माझा हजेरीपट पोहोचतो, आणि तो मी कसा भरतो हे त्याला माझ्यापेक्षा आधी माहीत होतं.

मी दहापैकी दहा दिले. संध्याकाळी आमच्या एका सहकाऱ्यांनी वही पाहिली आणि 'वेचतो' खाली लाल रेघ मारून वर 'वेचते' लिहिलं. मग म्हणाले, "प्रमाण भाषा नाही, शुद्धलेखनाचे दोन तरी कापा." माणूस वाईट नाही, शाळेत सगळ्यांच्या आधी येतो. पण वऱ्हाडात बाई 'मी वेचतो'च म्हणते, त्यांची स्वतःची आईही तसंच म्हणत असेल. गुण मी कापले नाहीत. परीक्षेच्या वेळी कुणीतरी कापेलच, म्हणून दुसऱ्या दिवशी तिच्याकडून तोच निबंध प्रमाण मराठीत लिहून घेतला. छान झाला. 'माय खोटी पडते' च्या जागी 'आईचे म्हणणे असत्य ठरते' आलं. ते वाक्य मीच खोडलं आणि जुनं परत लिहायला सांगितलं.

सोमवारी मी गैरहजर बारा जणांच्या घरी चिठ्ठ्या पाठवल्या. आपला पाल्य सलग गैरहजर आहे, उद्यापासून शाळेत हजर ठेवावा, अन्यथा शाळेला वर कळवावं लागेल. इतक्या वर्षांत अशी भाषा पहिल्यांदा वापरली. त्या वाटून होईपर्यंत ही माझ्या टेबलाशी उभी. रोज हजर असणारी.

"सर, मले पण द्या चिठ्ठी."

"तुला कशाला? तू तर येतेस."

"मायले ठेवाले. आन् शिक्का मारा जी. मालक चिठ्ठी वाचत नाही, शिक्का पाह्यते."

शिक्का मुख्याध्यापकांच्या कपाटात, आणि ते पंचायत समितीत बैठकीला. संध्याकाळी ते आल्यावर मारून घेतला, जरा तिरका उमटला. तिनं फुंकर घालून वाळवला आणि चिठ्ठी घडी करून कंपासपेटीत ठेवली.

बारांपैकी सात जण बुधवारपर्यंत आले. आठवा आला तो चिठ्ठी परत घेऊनच. सातवीतला आहे, घरी तो, आजी आणि आई. म्हणाला, "माय म्हणे, सराले वापस दे. दवाखान्याचे पैसे द्याचे हायेत, म्हणून सांग." चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि लगेच निघाला. सायकलला वेचणीचं धोपटं बांधलेलं होतं.

मत, काऊन, दाखला, तिन्ही त्या निरोपात आहेत. चिठ्ठी अजून माझ्या खिशात आहे. माझा जवाब लिहून झालेला नाही.