ग्वाडलुपेकाठचे नाचघर

टेक्सासमधील ग्वाडलुपे नदीच्या काठी, न्यू ब्राउनफेल्स शहरात आता सामावून गेलेल्या ग्रीन या गावात १८७८ साली बांधलेले एक लाकडी नाचघर आहे आणि ते आजही चालू आहे. ऑस्टिनहून आलेल्या पाहुण्यांना मी हटकून तिथे नेतो. गाव वसवणारे ग्रीन कुटुंब मूळचे जर्मन. हेन्री ग्रीन याने आपल्या जमिनीवर कापूस पिकवणारी कुळे बसवली आणि त्यांच्या शनिवारच्या करमणुकीची सोय म्हणून हे नाचघर उभे केले.

१९२५ च्या सुमारास बोंडे पोखरणाऱ्या भुंग्याने कापूस बुडवला, पाठोपाठ महामंदी आली आणि गाव ओस पडले. विदर्भातल्या बोंडअळीच्या बातम्या वाचत मोठ्या झालेल्या मला ही गोष्ट परकी वाटली नाही. नाचघर मात्र तगून राहिले. १९७४ मध्ये चिप कॉफमन या वास्तुकलेच्या विद्यार्थ्याच्या नजरेस हे गाव पडले, तेव्हा जुन्या इमारती पाडून नवी घरे बांधण्याचा बेत शिजत होता. त्याने त्या वाचवण्यासाठी खटपट केली आणि पुढच्याच वर्षी पॅट मोलक याने नाचघर विकत घेतले. पुढे कंट्री संगीताचा प्रसिद्ध गायक झालेला जॉर्ज स्ट्रेट उमेदवारीच्या काळात इथे नेमाने गात असे.

आत वातानुकूलन नाही. उन्हाळ्यात भिंतींच्या झडपा वर उचलून ठेवतात, जाळीतून वारा येतो, छताचे पत्रे तापलेले असतात आणि बुटांनी झिजून गुळगुळीत झालेल्या फळ्यांवर सत्तरीतली जोडपी न चुकता ताल धरतात.