अर्ध्या तासानं कोरम कुठून येतो?

सोसायट्यांच्या वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत उरकायच्या असतात. त्यामुळे त्या सुमारास मला हटकून एक फोन येतो. मी तेरा वर्षं आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो, एवढीच माझी लायकी. प्रश्न ठरलेला, कोरमचा, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीचा: "आमच्याकडे 42 फ्लॅट, सभेला आले 11. कोरम नाही म्हणून सभा तहकूब केली आणि अर्ध्या तासानं त्याच 11 जणांनी रंगकामाचा ठराव करून टाकला. हे कायद्यात बसतं का हो?"

बसतं. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे नमुना नियमावलीत, गणपूर्ती (कोरम) म्हणजे एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा 20, यातली जी संख्या कमी असेल ती. म्हणजे 12 फ्लॅटच्या इमारतीला 8 माणसं लागतात, 42 ला 20 आणि 200 फ्लॅटच्या संकुलालाही 20 च! अर्धा तास वाट बघायची, तेवढी माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब. तहकूब सभेला मात्र गणपूर्तीची अट नाही. ही पळवाट नव्हे. ही सोय नसती तर घरी बसणाऱ्यांनी हिशोबपत्रकं वर्षानुवर्षं अडवून धरली असती.

पण नोटीस नीट वाचा. त्याच दिवशी उशिरा सभा घ्यायची, तर ती वेळ मूळ नोटिशीतच छापलेली हवी. नाहीतर पुढची तारीख द्यायची, 7 दिवसांच्या आतली नाही आणि 30 दिवसांच्या पुढची नाही. शिवाय तहकूब सभेत विषयपत्रिकेवरचेच विषय. माणसं कमी आहेत म्हणून "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय" या ओळीखाली उपविधी दुरुस्ती घुसवायची, हा शुद्ध चावटपणा. दुरुस्तीला रीतसर नोटीस लागते, हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांश बहुमत लागतं आणि वर सहकारी संस्थांच्या निबंधकांची मंजुरी. पुनर्विकासाचं तर गणितच वेगळं. 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयानुसार तिथं दोन तृतीयांश सभासद हजर हवेत, 20 वर भागत नाही.

नोटिशीचा धडा मी स्वतः ठेच लागून शिकलो. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडलेल्या, थर्मासमध्ये चहा, माणसं 11. साडेदहा वाजले तशी मी ऐटीत म्हणालो, "आता तहकूब सभेला सुरुवात करू." मागच्या खुर्चीतले एक काका उठले. हातात नोटीस, चष्मा कपाळावर. "सेक्रेटरी, यात तहकूब सभेची वेळ कुठाय?" गेल्या वर्षीच्या नोटिशीवरून टाइप करताना शेवटची ओळ माझ्याकडून गळली होती. समितीचे दोन सदस्य मला डोळ्यांनीच खुणावत होते, रेटून न्या म्हणून. नाही रेटलं. प्रोसिडिंग बुकात "गणपूर्तीअभावी सभा तहकूब" एवढंच लिहिलं, पुढची तारीख घातली आणि समोसे वाटून सगळ्यांना घरी पाठवलं.

दहा दिवसांनी पुन्हा सभा झाली. हजेरी 9. रंगकाम मंजूर झालं. काका आले नव्हते, नातवाचं बारसं होतं म्हणे.